गल्ला

परभणीकडं जाणारी दुपारची गाडी अर्धा तास लेट होती, म्हणून तर भेट झाली. सेलूच्या फलाटावर जिनिंगमधून उडालेला कापूस तरंगत होता. बबिता मांडीवरच्या लेकीच्या कपाळाला दर दोन मिनिटांनी हात लावून पाहत होती. ताप वाढलाय, की आपलंच मन…

“काय बबिता, वळखलं न्हाईस?”

सुगत! ताडकळसचा सुगत, पिक्चर काढायचं वेड असलेला. कॉलेजात तिच्या केसांत अडकलेला कापूस अलगद काढायचा आणि म्हणायचा, “माझा पिक्चर फायद्यात येऊ दे गं… दुसऱ्याच दिवशी तुझ्या बाबांपुढं उभा राहतो!”

पिक्चर आला. पेपरात छापून आलं – ‘साठ लाखांचा गल्ला!’ बनवायला लागले होते चाळीस. बी.कॉम.च्या पोरीनं वजाबाकी चुटकीसरशी केली. बाबांच्या स्टेशनरीच्या दुकानात गल्ला म्हणजे आपला; पिक्चरच्या गल्ल्यात निम्मा दुसऱ्याचा असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. तीन महिने दाराकडं डोळे लावून बसली. तो आला नाही, फोनही नाही. शेवटी रागाच्या भरात तिनं आलेल्या स्थळाला होकार देऊन टाकला.

“मोठे झालात तुमी,” ती म्हणाली. ते ‘तुमी’ तिलाच टोचलं. “वीस लाख कमावलेत.”

“कुठले गं वीस?” तो हसला. “गल्ला म्हंजी नुसती विकलेली तिकिटं. आधी सरकारचा कर. उरल्यातलं निम्मं थेटरवाल्याचं. मग वितरक, पोस्टर, जाहिराती… चाळीस घातले, माझ्या हाती चौदा आले. आता लग्नाच्या शूटिंगा करायलोय. तिथं तोटा न्हाई!”

तिला हसू आलं नाही.

“मग सांगायचं ना, सुगत!”

“कोणत्या तोंडानं? फायद्यात आला तर येईन म्हणलो होतो. अन् तू बी.कॉम. – मला वाटलं, तुला हिशेब कळला असंल. म्हणूनच गप बसली असशील…”

शिट्टी देत गाडी आली. बबितानं लेकीला खांद्यावर घेतलं.

“तोट्यातपण आले असते मी,” ती म्हणाली. अगदी हळू, पण त्याला ऐकू गेलं.

त्यानं तिची पिशवी डब्यात ठेवली. तिच्या कानाजवळ कापूस अडकला होता. त्याचा हात सवयीनं वर गेला… थांबला… आणि लेकीच्या कुरळ्या जावळातला कापूस त्यानं हळूच टिपून घेतला.

“लय तापलीय गं. जप हिला.”

गाडी हलली. बबितानं लेकीचं कपाळ पुन्हा चाचपलं. मग तोच हात स्वतःच्या कानाजवळ नेला. कापूस तिथंच होता.

परभणी आली तरी तिनं तो काढला नाही.