मैथिलीची खुडूक कोंबडी

ती पिल्लं आधी मी बघितलेली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढची सगळी जळजळ तिथूनच सुरू झाली.

कल्याणचा बाजार, रविवारची सकाळ, एका म्हाताऱ्यापुढे दोन टोपल्या. एकीत गुलाबी, हिरवी, जांभळी... रंगात बुचकळून काढलेली पिल्लं. दुसरीत साधी गावठी. तपकिरी, पाठीवर काळ्या रेघा, आणि इवल्या चोची उघडून नुसता गलका. मी फक्त बघायला गेलेली. खरंच. घरून परवानगी मिळालीच नव्हती.

आमची खोली कोपरीत, चाळीत, तळमजल्यावर. मागे नळाच्या पायपाशेजारी थोडी मोकळी जागा आणि एक कढीपत्ता. तिथे कोंबड्या पाळायच्या असं मी मनात घेतलेलं, आणि घरात त्यावर रोज कोर्ट भरत होतं. माझी आई, जाईबाई, तिच्यापुढे अख्खी चाळ गप्प बसते. तिचा मुद्दा एकच.

"तू जीव लावशील. मग रविवारी कापणार कोण?"

"कापायच्या नाहीत. अंड्यांसाठी हव्यात."

"अर्धे कोंबडे निघतील. ते देणार का तुला अंडी?"

वरच्या मजल्यावरून शेवंतीकाकूंनी वेगळंच बजावलेलं, वास आला तर बघून घेईन. यांच्याच घरचा चिकनचा वास रविवारी अख्ख्या चाळीत फिरतो. म्हणजे मेलेली कोंबडी चालते, जिवंत चालत नाही! आणि माझं असं आहे, मला कोणी नको म्हटलं ना... की मला ती गोष्ट हवीच होते.

तर मी गुलाबी पिल्लू तळहातावर घेतलेलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"रंगीत नका घेऊ. टिकत नाहीत."

वळले. खाकी कपडे, खांद्याला कंडक्टरची चामडी बॅग. ड्युटीवरून थेट आलेला. डोळ्यांत झोप, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही," तो म्हणाला. मग म्हाताऱ्याकडे वळून, "काका, ती गावठी सगळी द्या."

"ओ! ती मी घेणार होते."

"हातात तर गुलाबी आहे."

"नजर तिकडे होती."

"मॅडम, नजरेने सीट धरता येत नाही. रुमाल टाकावा लागतो."

मी पर्समधून रुमाल काढला आणि टोपलीवर टाकला. पांढरा, कडेला निळी वेल, माझ्याच हातची. "हा घ्या. टाकला."

तो बघतच राहिला... मग असा हसला की म्हाताराही हसला. असं हसू फुकट वाटत फिरणाऱ्या माणसाला दंड लावला पाहिजे.

शेवटी दहा पिल्लांची वाटणी झाली. पाच मला खोक्यात, पाच त्याला. त्याच्याकडे पिशवीसुद्धा नव्हती, म्हणून माझ्या रुमालात बांधून दिली.

"घरी पाळता?" मी विचारलं.

"मी नाही. एकीने मागवलीत."

एकीने. त्याचं नाव विनीत, विठ्ठलवाडी डेपोला आहे, एवढंच तोवर कळलेलं. आणि तरी तो 'एकीने' मला खड्यासारखा टोचला. मला काय करायचंय, कोण एकीने? पण टोचला.

"काही अडलं तर विचारा," म्हणत त्याने नंबर दिला. "पिल्लांबद्दल."

"पिल्लांबद्दलच," मी म्हणाले.

घरी आईने खोक्यात डोकावून बघितलं. मला वाटलं, आता घराबाहेर काढते. ती आत गेली आणि जुना बल्ब घेऊन आली. "ऊब लागते त्यांना. आणि जीव लावू नकोस, सांगून ठेवते." झाली परवानगी.

मी त्याला विचारत सुटले. पाणी कसलं देऊ? 'गुळाचं, कोमट.' खायला? 'मक्याचा भरडा, बारीक.' सगळी एकमेकांच्या अंगावर का चढताहेत? 'थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या.' उत्तर कधीच लगेच यायचं नाही. थोडा वेळ जायचा. मला वाटायचं, बस चालू असेल, तिकिटं फाडत असेल, माझ्यासाठी वेळ काढत असेल... आणि उत्तराच्या शेवटी हळूच काहीतरी यायचं. 'पिल्लं झोपली. त्यांची मालकीण झोपली का?'

मालकीण झोपत नव्हती. मालकीण फोन उशाशी घेऊन हसत होती.

पाचातलं एक अशक्त होतं. डोक्यावर मिऱ्याएवढा काळा ठिपका, म्हणून त्याला मिरी म्हणायचे. मंगळवारी त्याच्या बुडाला शी चिकटून वाळली आणि ते डोळे मिटून बसलं. मी घाबरून विनीतला मेसेज टाकला. या वेळी उत्तर बोलून आलेलं. मी लाडाने फोन कानाला लावला... आणि बाईचा आवाज!

"विन्या, बावळटा, तिला सांग कोमट पाण्याने हळूच पुस म्हणावं, ओढू नको. आणि रोज काय रे तिचंच? मला कधी विचारलंस, मैथिली, जेवलीस का?"

घाईत पुढे ढकलला असणार. मिनिटभरात त्याने तो मेसेज उडवला. उडव! मी तोवर चारदा ऐकलेला. विन्या म्हणे. म्हणजे गूळही तिचा, भरडाही तिचा, बल्बही तिचा. मग रविवारपासून माझ्याशी बोलत कोण होतं? मी मिरीला कोमट पाण्याने पुसलं, हळूच, न ओढता. तिच्याच सांगण्याप्रमाणे.

बुधवारी, कामाला जाते त्या दुकानातून सुट्टी घेतली, मिरीला कापसासकट डब्यात घातलं आणि गेले विठ्ठलवाडीला. एसटी डेपोजवळ विनीत कंडक्टरचं घर विचारलं. घर त्याचं विचारलं, पण बघायची होती मैथिली; त्याच्या शेजारीच राहते, असं तिथेच कळलं.

तिचं बैठं घर, मागे अंगण, विटांचा खुराडा. आणि दोरीवर, चिमटा लावून, माझा रुमाल. निळ्या वेलीचा. धुतलेला.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू कोपरी ना?" आतून एक मुलगी आली. उंच, सावळी, हाताला पीठ. सुंदर होती, मेली. "त्याने नंबर असाच ठेवलाय तुझा. कोपरी. मी मैथिली. बघू पिल्लू."

मिरीला तिने उपडं केलं, पोट दाबून पाहिलं, चोचीला बोट लावलं. मी मुद्दाम महागाचा शाम्पू लावून गेलेली, तिच्याकडे ते बोट होतं, आणि मिरी त्या बोटावर डोकं टेकून शांत झालं! माझं पिल्लू!

"जगेल," ती म्हणाली. "पण बल्बपेक्षा आई बरी. ती बघ, माझी खुडूक कोंबडी." खुराड्याच्या कोपऱ्यात एक लाल कोंबडी पंख फुगवून बसलेली, पोटाखालून तपकिरी डोकी डोकावत होती. "अंडी द्यायची थांबली, नुसती ऊब धरून बसली. तिच्यासाठीच मागवलेली पिल्लं. अंधार पडला की पोटाखाली सरकवायची, सकाळी तिला वाटतं आपलीच. ठेव तुझंही."

"नको," मी म्हणाले. फार जोरात म्हणाले. कोंबडीनेही मान वळवली.

मैथिलीने डबा परत दिला. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याच्या आईने आणि माझ्या आईने आमचं ठरवलंय. मला विचारलं, मी हो म्हटलं. त्याला अजून कोणी विचारलेलं नाही."

मला वाटलेलं, ती बहीण निघेल. मैत्रीण निघेल. काहीतरी निघेल जिच्यावर नंतर हसता येईल. ती खरी निघाली.

"तुला तो आवडतो?"

"लहानपणापासून. आणि तुझे प्रश्न मी सोडवत बसले. येडी आहे मी." ती हसली, पण डोळे नाही हसले. "आणि एक सांगते. तुझ्या प्रोफाइलवर आडनाव वाचलंय मी. ते कळलं की त्याची आई घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. पाहुणे आले म्हणून आम्ही तो झाकत नाही."

"झाकू पण नको," मैथिली म्हणाली.

तिचा राग धरावा म्हणून गेलेली. तेवढीही सोय ठेवली नाही बाईने. रुमाल मागायचा राहूनच गेला.

संध्याकाळी विनीत कोपरीला आला, मैथिलीने कळवलं असणार. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, चहाच्या टपरीपाशी, ग्लास दोन्ही हातांत धरून उभा.

"कोंबड्यांमधलं तुला काय कळतं?" मी विचारलं. तुम्ही वगैरे संपलं होतं.

"काही नाही... मला भीती वाटते त्यांची. लहानपणी एक कोंबडा मागे लागलेला."

"मग उत्तरं कशाला दिलीस?"

"नसती दिली तर..." तो ग्लासातच बघत राहिला. "तू विचारायचं बंद केलं असतंस."

अशा वाक्यावर माणूस विरघळतो. मीही विरघळणारच होते. पण दोरीवरचा रुमाल डोळ्यांपुढून हलेना.

"आणि मैथिलीला काय सांगितलंस?"

"तिने कधी विचारलंच नाही."

"ती हो म्हणून बसलीय, विनीत! तुझ्या आईला, तिच्या आईला. तू त्याच अंगणात जाऊन तिच्याकडून माझी उत्तरं आणतोस आणि म्हणतोस विचारलं नाही?"

तो काही बोलायला गेला. "समृद्धी, मला तू—"

"थांब. मला काही सांगू नकोस. आधी तिला सांग. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. तिच्या तोंडावर. मेसेज नाही, फोन नाही. मग ये. नाहीतर येऊ नकोस."

चहा तसाच टाकून मी निघाले. मोठा तोरा होता. चाळीच्या तोंडाशी येईपर्यंत रडू फुटलं.

मग काही नाही. गुरुवार गेला, फोन गप्प. माझ्या डोक्यात मात्र अख्खा सिनेमा. तो तिच्या अंगणात बसलाय, ती चहा देतेय, लाल कोंबडी पंख फुगवून आशीर्वाद देतेय... मी त्या कोंबडीवरही जळले.

आईने बघितलंच. भाकरी थापता थापता म्हणाली, "एक विचारू? तुला तो हवाय, की तिच्याकडचा हवाय?"

मी चिडून उठले. उत्तर नसलं की मी चिडते.

शुक्रवारी सकाळीच लाईट गेली. बल्ब बंद. जानेवारीतली थंडी, आणि पाचही पिल्लं एकमेकांत घुसून कुडकुडत होती. मिरीला ओढणीत घेतलं, तरी गार. विनीतला विचारणार नव्हते. खूप वेळ फोन हातात धरून बसले... आणि मैथिलीला लिहिलं. तिचा नंबर डेपोपाशी, अंडी घ्यायचीत असं सांगून मिळवलेला, शत्रूचा असावा म्हणून ठेवलेला. 'लाईट गेलीय. काय करू?'

हिचं उत्तर क्षणात. 'गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मध्ये ठेव. निवली की बदल.' त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. दिवसभर आई पाणी तापवत होती, मी बाटल्या बदलत होते. आणि मला आईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. मिरी मला मैथिलीला दाखवण्यासाठी नको होतं. ते जगायला हवं होतं, कोणाच्याही पोटाखाली का होईना. आणि तो... तो मला रुमाल टाकला तेव्हाच हवा होता. तेव्हा मैथिली कुठे होती?

पिल्लं जगली. पाचही.

रविवारी दिवेलागणीला दारावर दोन टकटक झाल्या. कंडक्टरची डबल बेल, चला म्हणायची. दारात विनीत, हातात टोपली, टोपलीवर माझा रुमाल. दोन्ही हातांवर लाल ओरखडे, मनगटावर चोचीची खूण.

"हे काय?"

"तिला नाही म्हणून सांगितलं. तोंडावर." त्याने टोपली खाली ठेवली. "ती म्हणाली, एवढी हिंमत आलीय ना, मग कोंबडी पण स्वतः पकड. अर्धा तास अंगणात पळत होतो. तिने हात नाही लावला."

"आणि तुझी आई?"

"सगळं सांगितलं. आडनावासकट. ती जेवली नाही."

"आणि तू?"

"मी दोनदा जेवलो. भांडायला ताकद लागते."

माझ्या पाठीमागे आई हसली. आईचं हसू मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकलं.

टोपलीत लाल कोंबडी आणि तिची पाच पिल्लं होती. कल्याणच्या बाजारात वाटलेली दहाच्या दहा पुन्हा एकत्र. मागे कढीपत्त्याखाली खोकं आडवं केलं, अंधार पडू दिला. मी मिरीला उचलायला गेले, तर विनीत म्हणाला, "मी ठेवतो." डोळे घट्ट मिटले, दात आवळले, आणि हात कोंबडीच्या पोटाखाली घातला.

कोंबडीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पंख जरासा उचलला.

"घेतलं," मी पुटपुटले. त्याने डोळे उघडले. त्याचा ओरखडलेला हात मी हातात घेतला, आणि सोडला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मैथिली. मुद्दाम त्याच्यासमोर लावला.

"कोपरी, ऐक. ती पाच पिल्लं त्याने आणलेली, मला सध्या डोळ्यांसमोर नकोत. पिल्लं मोठी झाली की कोंबडी तेवढी परत पाठव. पिल्लं ठेव तू." मग म्हणाली, "त्यालाही ठेव."

विनीत खाली बघत होता. मला माहितीये, अशा वेळी माणसाने वाईट वाटून घ्यायचं असतं, आणि मला वाटलंही. पण खरं सांगू? त्याचे डोळे तिच्यासाठी ओले झाले ना... त्या दोन थेंबांवर मी अजून जळते.