मीठ बरोबर आहे

“थांबा. त्या मनुका अजून बांधू नका.”

दुकानदाराचा हात जागच्या जागी राहिला. सण तोंडावर आलेला, गिऱ्हाइकांची रांग पायरीपर्यंत पोहोचलेली, आणि नेमक्या आपल्याच पाळीला हा करड्या कोटातला मनुष्य कुठून उपटला, असा वैताग मनुका घ्यायला आलेल्या तरुणीच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटला. त्या मनुष्याने मात्र सावकाश आपली लाकडी पेटी उघडली, मखमली खाचांतून पितळी वजने एकेक करून उचलली आणि झोपलेले मूल पाळण्यात ठेवावे तितक्या हलक्या हाताने पारड्यात ठेवली. तो वजनमापे खात्याचा निरीक्षक होता.

“काटा थोडा खोटा आहे. तुमचं नुकसान होत होतं,” तो म्हणाला.

“आणि माझा वेळ जातोय, त्याचं वजन कोण करणार?”

“त्याला खात्याने अजून माप ठरवलेलं नाही. किती हव्यात मनुका?”

“दोन ओंजळी.”

“ओंजळी? ओंजळीवर शिक्का कुठे मारायचा हो?”

“माझी आई ओंजळीनेच घ्यायची.”

“मग आईंनाच पाठवायचं होतंत…”

“ती उन्हाळ्यात गेली.”

मग त्याने जे केले, ते कोणत्याही नियमावलीत बसणारे नव्हते. “हात पुढे करा,” असे हळूच म्हणून त्याने तिची ओंजळ मनुकांनी दोनदा भरली आणि तिच्या पिशवीत रिकामी केली. पारड्याकडे त्याने पाहिलेही नाही.

त्यानंतर तो तिला रोज कुठे ना कुठे भेटू लागला. सणाच्या आधी सगळ्या बाजाराचे काटे तपासायचे असत, आणि सणाच्या आधी तिलाही सगळा बाजार पालथा घालायचा असे. त्यामुळे या भेटींना योगायोग म्हणण्याची सोय होती. पीठवाल्याकडे भेट झाली की तो तिची पिशवी उचले, आणि घराच्या कोपऱ्यापर्यंत दोघे कडाकडा भांडत येत.

“अंदाज म्हणजे निव्वळ आळस,” तो म्हणे.

“अंदाज म्हणजे हातावरचा विश्वास. तुमचा कशावरच नाही, म्हणून पेटी घेऊन हिंडता.”

“पेटी आहे म्हणून तर तुम्ही भेटलात.”

यावर ती पिशवी त्याच्या हातून काढून घेई आणि घराकडे वळे. धाकटी बहीण खिडकीतून हे सारे पाही आणि जिन्यातच गाठून विचारी, “काय ताई, आज काटेवाल्यांनी काय तोललं?”

“तुझी जीभ. फार हलकी निघाली.”

घरातले बोलणे एवढेच उरले होते. वडील छापखान्यातून येत, मान खाली घालून जेवत, आपले ताट स्वतः घासून पालथे घालत आणि दिवा मालवत. आई होती तेव्हा तिघेही तिच्याशी बोलत आणि तिच्यामार्फत एकमेकांशी. ती गेली आणि एकाच छपराखाली तीन मुकी माणसे राहू लागली. आईची कुणी आठवण काढली तर दुसऱ्याला लागेल, या काळजीने प्रत्येक जण ओठ मिटून बसे.

सणाच्या आदल्या दिवशी भाजीवाल्याच्या ताडपत्रीखाली त्याने तिला थांबवले. बदलीचा हुकूम आला होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचे होते, आणि गाव फार लांबचे होते.

“दोन खोल्या मिळतायत. स्वयंपाकघर ऐसपैस आहे, पत्र पाठवून विचारून घेतलं मी.”

“तुम्हाला कशाला ऐसपैस? चहा तरी करता येतो का?”

“मला नाही येत. म्हणजे… तुम्ही याल का? तुमच्या बाबांशी मी रीतसर बोलेन.”

ताडपत्रीवरून थेंब ओघळत होते. तिच्या मनाने होकार कधीच दिला होता. फक्त तो ओठांवर आणायला तिला आपल्या घराचा उंबरा पायाखाली हवा होता.

“उद्या जेवायला या,” ती म्हणाली. “जेवणानंतर सांगते.”

त्या घरात सणाला एकच मोठे पातेले चढे. भाज्या वडिलांनी चिरायच्या, मुलींनी आळीपाळीने रस्सा ढवळायचा; पण मीठ घालायची वेळ आली की सगळ्यांनी मागे सरायचे. ते काम आईचे. या वर्षी भाज्या चिरल्या गेल्या, रस्सा उकळला, मनुका घातलेला गोड भात मुरला, आणि ती वेळ आली तेव्हा कुणीच कुणाला काही विचारले नाही. ती एकटी असताना तिने डोळे पुसत मीठ घातले आणि आईसारखीच, चव न घेता, झाकण ठेवले.

पाहुणा आला. पाने वाढली. तिने पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. रस्सा खारट नव्हता, खारटाच्या पलीकडे गेला होता. वडील खाली बघून जेवत राहिले. धाकटीने पाण्याचा पेला संपवला.

“कसा झालाय?” वडिलांनी पाहुण्याला विचारले. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

निरीक्षकाने घास नीट गिळला. “उत्तम. मीठ बरोबर आहे.” आणि त्याने वाटी पुढे केली. “अजून थोडा वाढा.”

त्या क्षणी तो तिला इतका आवडला की तिला तिकडे पाहवेना. बाजारात कणभर खोट खपवून न घेणारा हा माणूस तिच्यासाठी शांतपणे खोटे माप पास करत होता.

“बरोबर कसलं?” धाकटी रडवेली झाली. “माझ्या हातून जास्त पडलं. ताई कपडे बदलत होती तेव्हा मी घातलं. कुणीच घालणार नाही असं वाटलं मला.”

“तू?” वडील म्हणाले. “अगं, मी घातलं होतं. सकाळीच.”

तिने आपले सांगितले नाही. सांगायची गरजच उरली नव्हती. धाकटी खुदकन हसली. वडीलही हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे खांदे गदगदू लागले. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच रडत होते, भरल्या पानावर, परक्या माणसासमोर. दोघी मुली त्यांना बिलगल्या.

जेवणानंतर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो तिच्यासाठी थांबला. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला उत्तर कळले असावे, कारण त्याने पेटी उचलून घेतली होती.

“एका पातेल्यात तिघांनी मीठ घातलं,” ती म्हणाली, “आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही. आज कुठे तोंड उघडलंय. मी आत्ता गेले तर ही दोघं पुन्हा तशीच होतील.”

“मी वाट बघेन.”

“नका. तुमची वाट मला इथे धड राहू देणार नाही.”

एरवी प्रत्येक शब्दावर वाद घालणारा तो या वेळी वादाला उभा राहिला नाही. त्याने तिचे दोन्ही हात धरले, ओंजळ करून क्षणभर त्यात पाहिले, मिटवले, आणि तो गेला.

सकाळी ती खारट रश्श्यात घालायला बटाटे सोलत होती. वडील आले आणि समोर पाट घेऊन बसले. त्यांनीही एक सुरी घेतली.

“गेला तो?”

“गेले. सकाळच्या गाडीने.”

“तुला विचारलं होतं त्याने?”

“हो.”

वडिलांनी टोपलीतला दुसरा बटाटा उचलला.

“तू जायला हवं होतंस, बाळ,” वडील म्हणाले. “रात्रीच सांगणार होतो. पण म्हटलं, झोपली असशील…”

ती जागीच होती, रात्रभर. तिने मान वर केली नाही. वडिलांच्या हातातला बटाटा निम्मा सालीबरोबरच निघून गेला होता.

“बाबा, साल पातळ काढा,” ती म्हणाली. “आणि बोला. काहीही बोला.”