फक्त आवाज देणारा

मोबाइल विटांच्या आधारानं उभा करून मी गच्चीवर आईचे हात शूट करत होते. आई कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळत होती. मी श्वास रोखून बसले होते, आणि जिन्यातून आवाज आला –

"आंटी, या काड्यायले कणीक कावून गुंडाळून राहिल्या? राखी बांधून राहिल्या का त्यायले?"

वरच्या खोलीत नुकताच राहायला आलेला भाडेकरू, ईशान. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जामुलला नोकरीला होता. खांद्यावर ओला टॉवेल, चेहरा अगदी गंभीर.

"सरगुंडे होय ते," मी चिडून म्हटलं. "वाळवतात, मग शिजवून आमरसासोबत खातात. तुमच्या घरी नाही करत का?"

"आमच्या तीन पिढ्या रायपूरले झाल्या. आम्ही नूडल्स खातो."

आई हसली. मला मात्र हसू आवरून चिडायचं होतं, ते काही धड जमलं नाही.

घाईत तो व्हिडिओ तसाच टाकला गेला, त्याच्या आवाजासकट. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर आईच्या हातचे सरगुंडे विकायला मी तिच्याच नावानं 'विजयाताई' हे पेज काढलं होतं. तोवर ते बघायला आमच्या टाउनशिपच्या सेक्टरमधल्या चार मावश्या यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल थांबेचना. नागपूरहून, अमरावतीहून, पुण्याहून मेसेज. सरगुंडे पाहिजेत, आणि खाली हमखास – 'ते प्रश्न विचारणारे दादा कोण?'

मग ईशान दर रविवारी गच्चीवर येऊ लागला. मोबाइलच्या मागं बसायचा, एकही सरगुंडा न वळता दहा प्रश्न विचारायचा. मराठी तो घरी आईशीच बोलायचा, म्हणून त्याचे प्रश्न मुलासारखे खरे वाटत. शूटिंग संपलं की म्हणायचा, "मॅडम, मानधन?" मी त्याच्या तळहातावर एक कच्चा सरगुंडा ठेवायचे. तो खरंच खायचा. रविवार येईपर्यंत माझे दिवस कसेबसे जायचे, आणि ते कुणाला कळलं तर, या धास्तीनं रविवारही धड जायचा नाही.

काळजी करायला मला कारण लागत नाही. पण या वेळी ते मिळालं. एका बाईंनी कमेंटमध्ये विचारलं, 'हे दादा तुमचे मिस्टर का?' अमरावतीच्या वंदना मावशीपासून सगळं खानदान ते पेज बघत होतं. मी घाईघाईनं लिहिलं – 'नाही नाही, ते फक्त आवाज देतात.' वर ती कमेंट सगळ्यांना आधी दिसेल अशी पिन करून ठेवली.

तासाभरानं त्या कमेंटला एक लाइक आलं. ईशानचं.

लाइक कावून? राग आला म्हणून? पटलं म्हणून? मी त्याला लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. त्याच्या नावाखाली 'टायपिंग' दिसलं... गेलं... पुन्हा दिसलं. शेवटी मेसेज आला. 'महिनाअखेर खोली सोडून राहिलो. जामुलले कामाच्या जवळ पडते. काळजी करू नको, धंदा थांबणार नाही.' खाली बारा ऑडिओ फाइली. अकरा प्रश्न, नि एकीत नुसतं हसणं.

आमच्या रिसालीहून जामुल म्हणजे काही परदेश नाही. पण रागावलेला माणूस तिथं राहायला निघाला की किती लांब जातो, ते मला त्या दिवशी कळलं. मी हसण्याची फाइल एकदा ऐकली. मग बाराही पुसून टाकल्या.

पुढचे तीन व्हिडिओ त्याच्याशिवाय टाकले. 'दादा कुठे गेले?' 'मजा नाही राहिली.' ऑर्डरी आटल्या. आई वाळलेल्या सरगुंड्यांचे डबे बघत म्हणाली, "पोरी, त्याचा आवाज लाव ना. तो देऊन तर राहिला."

"नाही लावणार."

आईनं एकेका डब्याचं झाकण लावून टाकलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी वर गेले. त्याची वळकटी बांधून झाली होती.

"फाइली पोचल्या ना?" त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं.

"पुसल्या."

तो माझ्याकडं वळला. "मग ऑर्डरी?"

"कमी झाल्या. होऊ दे. आता तुले थांबवायले माझ्याजवळ धंद्याचं कारण नाही उरलं, ईशान, म्हणून आली. ते कमेंट मी... मी भ्याली होती. सगळे वाचतील म्हणून लिहिलं. मले आवाज नको. मले तू पायजे."

बोलून झालं आणि मला पळून जावंसं वाटलं. तो जवळ आला.

"मले वाटलं, तुले खरंच फक्त..." तो अडखळला. "मी त्या दिवशी लाइक कावून केलं माहीत आहे? दुसरं काही लिहिलं असतं तर सगळ्यायनं वाचलं असतं."

म्हणजे हाही माझ्यासारखाच घाबरट. मी हसले आणि रडलेही. त्यानं माझं बोट हळूच धरलं. "चल. काकांशी आत्ताच बोलतो. नंतर हिंमत नाही होणार."

बाबा खाली पेपर वाचत होते. ते रील बघत नाहीत. त्यांच्या लेखी ईशान म्हणजे वेळेवर नळ बंद करणारा भाडेकरू.

"काय झालं? पाणी नाही येऊन राहिलं का वर?"

"काका... ते..." हजारो लोकांना हसवणाऱ्या त्या आवाजाला एक वाक्य पुरं होईना. "हो... म्हणजे... नळ..."

शेवटी मीच पुढं झाले. "बाबा, नळ चांगला आहे. मले ईशान पसंत आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. बाबांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला, आधी मला पाहिलं, मग त्याला.

"असं आहे," ते म्हणाले, "तर मग हा खोली सोडून कावून राहिला?"

ईशान मान खाली घालून वर गेला आणि वळकटी सोडायला लागला.