पळसाची तीनशेसाठ पाने

ही हकीकत कुणाला पटावी म्हणून सांगितलेली नाही. जे घडले ते घडले. धारवाडात सप्तापूरला, विद्यापीठाच्या बाजूला, मुकुंदरावांचे घर आजही आहे आणि गेल्या आषाढातला तो गुरुवार पंचांगात आहे. पुराव्यावाचून एक शब्दही न मानणाऱ्या माणसाच्या तोंडून ती आलेली आहे, एवढेच आधी सांगून ठेवायचे.

मुकुंदरावांनी चाळीस वर्षे कोर्टात वकिली केली. त्यांचा एकुलता एक मुलगा साकेत चीनमध्ये यंत्रांच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्याची जेवणाची सुट्टी बाराला, म्हणजे इथे सकाळी साडेनऊला. रोज त्याच ठोक्याला फोन वाजे. मागे कँटीनमधल्या ताटांचा खणखणाट, शेकडो माणसांचा कलकलाट आणि त्यातून वर येणारा साकेतचा आवाज.

"आई, आज पुन्हा पालेभाजीत डुकराचा तुकडा निघाला. वाढणारी बाई म्हणते, काढून टाक आणि खा!"

"शिव शिव! मग काय खाल्लंस रे?" अंबूताई कळवळून विचारत.

"भात, आणि तू दिलेलं मेतकूट. संपत आलंय बघ."

आषाढाच्या आरंभी फोन आला तो प्रसादचा. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरचा हा मुलगा साकेतच्याच कारखान्यात कामाला होता.

"काका... आमच्या कारखान्याच्या सहलीची बस डोंगरात पुरात गेली. कुणी वाचलं नाही. साकेत... सापडलाच नाही."

दोन दिवसांनी साकेत गेल्याचे कारखान्याचे पत्रही आले.

देह नाही, तर अग्नी द्यायचा कुणाला? त्यासाठी शास्त्रात पालाशविधी आहे. पळसाची तीनशेसाठ पाने मांडून माणसाची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि तिचे दहन करायचे. मुकुंदरावांनी बाळाचार्यांना बोलावले.

"बेडा रायरे, नको रावसाहेब," आचार्य म्हणाले. "देह सापडला नाही तर बारा वर्षं वाट पाहावी."

"ती बेपत्ता माणसाची! इथं साक्षीला प्रसाद आहे, पत्र आहे. वार्ता निश्चित असताना थांबावं, असं कुठं लिहिलंय? दाखवा मला!"

"तुमच्याशी कोण वाद घालणार?"

"आचार्य, पोरगं तिथं अन्नपाण्यावाचून भटकत असेल हो..."

दोन दिवस हा वाद चालला. तिसऱ्या दिवशी आचार्यांनी पोथी मिटली.

मुकुंदराव जिंकले.

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांनी त्या पानांना अग्नी दिला. नारळ तडकला... आणि त्या आवाजात त्यांना 'अप्पा' अशी साकेतची हाक ऐकू आली. मुकुंदरावांनी ती पुराव्यात धरली नाही.

सोमवारी साडेनऊला फोन वाजला.

"अप्पा, मी साकेत."

अंबूताई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. साकेत सांगत होता. डोंगरातल्या एका म्हातारीने त्याला पाण्याबाहेर ओढले. पाय दुखावलेला, जवळ कागद नाहीत, फोन खोलीवर राहिलेला. म्हातारी पेज भरवायची. थोडे चालता येऊ लागले तसा तो परत आला.

"एक विचित्र झालं मात्र. गुरुवारी दुपारी बाराला अंगभर आग उसळली. मी किंचाळलो. म्हातारी धावत आली, खाटेकडे पाहिलं... आणि मला शोधायला बाहेर गेली."

मुकुंदरावांनी मनाशी अडीच तास वजा केले.

साडेनऊ.

मंगळवारी साकेत हसत होता. "फाटकावरचं यंत्र चेहरा पाहून दार उघडतं ना, त्याला माझा चेहराच दिसेना!"

बुधवारी कँटीनमधल्या बाईने त्याला सोडून त्याच्या मागच्या माणसाला वाढले.

शुक्रवारी त्याच्या खोलीत नवा मुलगा राहायला आला. "त्यानं ओला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, अप्पा. आणि तो... खाली जमिनीवर पडला."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट मुकुंदरावांच्या ध्यानात आली.

मागे ताटांचा आवाज नव्हता.

"आज सुट्टी आहे का रे?"

"नाही अप्पा. गच्च भरलंय."

रविवारी मुकुंदरावांनी प्रसादला कँटीनमध्ये पाठवले. एका कानाला अंबूताईंचा फोन, त्यावर प्रसाद; दुसऱ्या कानाला आपला, त्यावर साकेत.

"काका, मी त्याच बाकाजवळ उभा आहे. बाक रिकामा आहे."

"अप्पा, प्रसाद आलाय," दुसऱ्या कानात साकेत म्हणाला. "नवा चष्मा घेतलाय गाढवानं, अगदी हेडमास्तर दिसतो. सांगा ना त्याला, मी इथं बसलोय."

"प्रसाद, तू नवा चष्मा घेतलास?"



"कालच घेतला, काका. घरीसुद्धा सांगितलेलं नाही."

त्यानंतर प्रसादने त्यांचा फोन कधी उचलला नाही.

मुकुंदराव तडक बाळाचार्यांकडे गेले. आचार्यांनी सगळे ऐकून घेतले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तोड आहे. क्रिया झालेला माणूस जिवंत परतला, तर त्याला तुपाच्या घागरीत बुडवून बाहेर काढायचं आणि नवजात बालकासारखे सगळे संस्कार पुन्हा करायचे. पण तो इथं यायला हवा."

"नाही आला तर? पुन्हा पानांचा पुतळा करू. एकदा चालला, तर आता का चालू नये?"

"पुतळ्याला मरण देता येतं, रायरे. जन्म देता येत नाही."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मुकुंदरावांनी साकेतला सांगितले, कसाही करून निघून ये.

साकेतने प्रयत्न केला. लोकांच्या मागोमाग तो विमानतळात शिरला, विमानातही जाऊन बसला. डोळा लागला. जाग आली... तेव्हा तो कँटीनच्या त्याच बाकावर होता. समोर दुसऱ्याचे उष्टे ताट होते. त्याने उचलायला हात घातला. ताट हलले नाही.

श्रावण संपला. फोन रोज येत होता. बोलणे मात्र कमी कमी होत गेले आणि शेवटी एकच वाक्य उरले.

"अप्पा, भूक लागलीय."

भाद्रपदात पितृपक्ष लागला. साकेतची तिथी आली तेव्हा अंबूताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पिंड घालायचा नाही. घातलात की साकेत मेला. तुम्हीच मारलात, असं होईल."

"आणि नाही घातला तर?" मुकुंदराव म्हणाले. "अगं, ऐकतेस ना रोज? उपाशी आहे तो."

 अंबूताई बाजूला झाल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी वड्यांचे पीठ भिजवले.

पिंडाची तयारी होईपर्यंत उशीर झाला. वडे कधीच तळून झाले होते. मुकुंदरावांनी भातात काळे तीळ मळले, पिंड वळला, दर्भावर ठेवला आणि मुलाचे नाव उच्चारले.

साडेनऊ वाजले.

फोन वाजला.

मागे खणखणाट नव्हता. कलकलाट नव्हता. पण साकेतचा आवाज... कित्येक दिवसांनी तृप्त होता.

"अप्पा! आज जेवण मिळालं. आईच्या हातचं!"

अंबूताईंनी पदर तोंडात कोंबला.

"वडे गार झाले होते, असू दे. पण भातात काळे तीळ कशाला घातले होते?"

 समोर पिंड जसाच्या तसा होता.

"आता पुन्हा कधी, अप्पा?"

मुकुंदरावांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले. पुढचा पितृपक्ष वर्षावर होता. फोन त्यांनी कानाशीच धरून ठेवला.

पलीकडे साकेत वाट पाहत होता.

आजही साडेनऊला त्या घरात फोन वाजतो आणि कुणी बोलत नाही.