दिवा चालू असेपर्यंत

प्रयोगशाळेतला पंप जुना झाला होता. सकाळी बटण दाबलं की तो आधी खोकायचा, मग कुरकुरायचा, आणि सगळे आढेवेढे घेऊन झाले की मुकाट्याने कामाला लागायचा. बाई तोवर हातमोजे चढवून, चष्मा पुसून, त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहत. लक्ष दिलं की तो जास्त रुसतो, असं त्यांचं मत होतं. विभागात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत.

बाईंचं काम लोखंडाच्या एका संयुगावर चालायचं. मधे लोखंडाचा एक अणू आणि त्याला चहूबाजूंनी चिकटलेले कार्बन मोनॉक्साइडचे रेणू. हे संयुग हवा काढून घेतलेल्या पोलादी पेटीत, आरगॉन वायूबरोबर, एका लहानशा स्फटिकावर गोठवायचं. थंडी इतकी की तिच्यापुढे बर्फ म्हणजे निखारा. मग त्यावर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकायचा. प्रकाशाने एखादा रेणू लोखंडापासून तुटतो. दिवा बंद करून किंचित ऊब दिली की परत जाऊन चिकटतो. हे डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त किरणांच्या आलेखावर दिसतं. प्रत्येक बंधाचा तिथे ठरलेल्या जागी एक खड्डा पडतो.

“म्हणजे तुला खड्डे बघायचा पगार मिळतो,” बाईंचे यजमान म्हणायचे. ते शाळेत भूगोल शिकवत. “मी रोज ते चुकवत शाळेत जातो, मला कोणी दमडी देत नाही.”

गेल्या हिवाळ्यात ते शाळेच्या कामाने परगावी गेले. जिथे उतरले तिथल्या न्हाणीघरात गॅसवर पाणी तापवायची सोय होती, आणि गार वारा येऊ नये म्हणून कोणीतरी खिडकीच्या फटी बुजवल्या होत्या. आंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगायला सुरुवात केली, की कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो रक्तातल्या लोखंडाला असा बिलगतो की प्राणवायूला जागाच उरत नाही. बाई म्हणाल्या, “माहीत आहे मला.” पांढऱ्या चादरीवर यजमानांचे गाल गुलाबी दिसत होते. नुकतंच हसू आवरल्यासारखे.

त्यानंतर घरात दोनच माणसं राहिली, बाई आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. आता बोटं थरथरायची, तरी मुलाचे शर्ट काढून त्यांची बटणं उगाच पक्की करत बसायचे. दोघं एकमेकांना सांभाळून होते. जेवताना तिसऱ्या खुर्चीकडे कोणी बघत नसे.

बाई कामावर रुजू झाल्या. पहिलंच काम सोपं होतं. पेटी धुऊनपुसून स्वच्छ केलेली, संयुग घालायचं नाही, नुसता आरगॉन गोठवायचा आणि आलेख सपाट येतो ना ते बघायचं. आलेख सपाट आला नाही. त्यात एक खड्डा होता.

तो त्यांच्या संयुगाचा नव्हता. ती जागा बाईंनी पुस्तकात पाहिली होती. रक्तातल्या लोखंडाला कार्बन मोनॉक्साइड चिकटला की खड्डा नेमका तिथे पडतो.

त्यांनी स्फटिक बदलला. नळ्या उघडून पुन्हा बसवल्या. आरगॉनची टाकी नवी लावली. खड्डा हटला नाही. शेवटी त्यांनी विभागप्रमुखांना बोलावलं. ते त्यांचे कॉलेजपासूनचे वर्गमित्र. ते अर्धा दिवस यंत्राशी झटापट करत राहिले.

“गळती नाही, घाण नाही,” ते म्हणाले. “काहीतरी आहे, पण कुठून आलंय ते मला कळत नाही. तू थोडे दिवस सुट्टी घे.”

“घरी बसून काय करू?”



ते गेल्यावर बाईंनी दिवा लावला. हळूहळू खड्डा भरत गेला आणि आलेख सपाट झाला. हे अपेक्षितच होतं. प्रकाशाने हा बंध तुटतो, रक्तातलासुद्धा. पण तुटलेला रेणू त्याच बर्फात अडकून पडायला हवा होता, त्याचा स्वतःचा वेगळा खड्डा शेजारी दिसायला हवा होता. तो कुठेच दिसेना. पेटी बंद होती, पंप पेटीबाहेर काही ओढत नव्हता. तरी जे तुटलं होतं ते पेटीत नव्हतं. बाईंनी दिवा बंद केला. ऊब न देताही खड्डा परत आला.

संध्याकाळी सासरे म्हणाले, “आज दुपारी बाळ्या आला होता.” मुलाला ते बाळ्याच म्हणत.

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. “बाबा, स्वप्न पडलं असेल.”

“जागा होतो मी. सुई ओवत होतो. दिसला नाही, पण मागच्या खोलीत श्वास घेत होता. झोपेत घ्यायचा तसा. थोडा वेळ होता, मग थांबला.” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “तुला पटणार नाही. तू शास्त्रातली.”

“किती वाजता?”

त्यांनी वेळ सांगितली. त्या वेळी दिवा चालू होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवा लावला, तसाच चालू ठेवला आणि भर दुपारी घरी आल्या. सासरे मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खोलीत ऊन आलं होतं. पलंगावरची चादर ताणलेली, सपाट. आणि पलंगाच्या उशाकडून श्वास येत होता. आत जाताना बारीकशी शीळ, बाहेर येताना एक सैल सुस्कारा. याच शिळेवरून बाई लग्नानंतर वर्षभर भांडल्या होत्या.

त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही सुचलं नाही. सासऱ्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं ऐकत राहिले.

बाईंनी सासऱ्यांना दिव्याचं सगळं सांगितलं, आणि मग दिवा बंद झालाच नाही. विभागप्रमुखांना बाईंनी सांगितलं की प्रयोग लांबला आहे. दुपारी त्या घरी यायच्या, रात्री पलंगाशेजारी जमिनीवर अंथरूण घालायच्या. सासऱ्यांनी खुर्ची आतच नेली. ते मुलाला शाळेतल्या गोष्टी सांगायचे आणि बाई ऐकायच्या, कुठल्या विद्यार्थ्याने विचारपूस केली, कोणाची बदली झाली. उत्तर येत नसे. श्वास मात्र येई. घर कित्येक महिन्यांनी भरल्यासारखं वाटत होतं.

सासऱ्यांचं डोकं दुखायला लागलं. बाई म्हणाल्या, जागरणाने. मग त्यांना मळमळू लागलं. एकदा न्हाणीघराकडे जाताना त्यांचा तोल गेला आणि ते भिंतीला धरून हसले. “म्हातारपण. दुसरं काय?”

एका सकाळी बाई निघताना ते दाराशी आले. उजेड त्यांच्या तोंडावर पडला. ते चांगले टवटवीत दिसत होते, आजार निघून गेल्यासारखे. गाल गुलाबी.

बाई जिन्यावरूनच परत फिरल्या.

पर्समध्ये प्रयोगशाळेतलं वायू ओळखणारं छोटं यंत्र होतं. त्यांनी ते मागच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. ते अजून गप्प होतं. घरात गॅस नव्हता, शेगडी विजेची, पाणी विजेवर तापायचं. बाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. “हे ओरडलं तर बाहेर जायचं, बाबा, आणि मला फोन करायचा,” असं दोनदा बजावलं आणि त्या निघाल्या.

त्या प्रयोगशाळेत पोचल्या आणि फोन वाजला.

“तुझं ते यंत्र ओरडतंय,” सासरे म्हणाले. मागून तो कर्कश सूर ऐकू येत होता. “बंद कसं करायचं? बाळ्याची झोपमोड होईल.”

“बाबा, बाहेर या. आत्ता. जिन्यात येऊन बसा.”

“खिडक्या उघड्याच आहेत.”

“त्याचा उपयोग नाही. बाहेर या.”

मग ते अगदी शांतपणे म्हणाले, “तुझ्या हातात आहे ना ते? तिथून?”

बाईंचा हात दिव्याच्या बटणाकडे गेलेला होता.

“सूनबाई, बंद करू नकोस.”

“बाबा, तुम्ही मराल.”

“तेव्हा तो एकटा होता. त्या न्हाणीघरात कोणी नव्हतं त्याच्याजवळ. आता मी आहे. माझं वय झालंय, त्याला राहू दे.” त्यांची जीभ जड होत चालली होती. “तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही, पोरी.”

ते खरं होतं.

पेटीच्या काचेतून दिव्याचा जांभळट उजेड झिरपत होता. बाईंनी डोळे मिटले.

बटण दाबलं.

फोनमधलं यंत्र गप्प झालं. पलीकडे काहीच आवाज नव्हता.

“बाबा?”

“गेला,” सासरे म्हणाले. आणि फोन ठेवला.

शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. प्राणवायू लावला, आणि ते वाचले. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा बाईंनी माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. घरी आल्यावर सासऱ्यांनी मुलाचे शर्ट घड्या घालून कपाटात ठेवले आणि खुर्ची बाहेरच्या खोलीत आणली. बाईंशी ते कामापुरतं बोलत. कधी वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पेटीच्या आलेखावर, दिवा बंद करूनही, तो खड्डा परत आला नाही. बाईंनी कितीतरी वेळ वाट पाहिली. शेवटी थंडी उतरवली, पेटी उघडली. आत कोरडा, स्वच्छ स्फटिक होता. तो हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी कायमचं वर्गात शिकवण्याचं काम मागून घेतलं.

पावसाळा सरता सरता त्यांना धाप लागायला लागली. जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासरे बघायचे, पण विचारायचे नाहीत. एका दुपारी त्या एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या. रक्ताचा अहवाल त्यांच्यासमोरच आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

“सिगरेट ओढता का तुम्ही?”

“नाही.”

“खूप वर्षांपासून ओढणाऱ्यांच्या रक्तात असतो, त्याहून जास्त आहे. कार्बन मोनॉक्साइड. घरी अजून कोण असतं?”

“सासरे,” बाई म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या. पायऱ्यांवर स्वच्छ, कडक ऊन पडलं होतं. ते दिव्याच्या प्रकाशासारखं त्यांच्या चेहऱ्यावर, उघड्या हातांवर आलं, आणि छाती एकदम हलकी झाली. त्यांच्या अगदी खांद्याशी, डाव्या बाजूला, कोणीतरी श्वास घेतला. आत जाताना बारीकशी शीळ.

पायऱ्यांवर इतर माणसं होती. एक तरुण आई कडेवर तान्हं मूल घेऊन रांगेत उभी होती, अगदी हाताच्या अंतरावर, वायू पोचेल इतकी जवळ.

बाईंनी छत्री उघडली.