चिमूटभर वजन

लिलावघराच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली आहे. उत्तरेला खिडकी, खिडकीशी लांब टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या पेटीतला तराजू, कोपऱ्यात लोखंडी कपाट. या खोलीत बसणाऱ्या बाईंना खालचे लोक नाहीबाई म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण बाईंना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. विकायला आलेली जुनी हाडं, दात, शंख त्यांच्यापुढे येतात आणि दहातल्या नऊ वेळा बाई मान वर न करता 'नाही' म्हणतात.

डायनासोरच्या अंड्यांचं तर विचारूच नका. ती बहुतेक खोटी असतात, आणि तो खोटेपणाही अर्धा खरा असतो. प्लास्टरचा गोळा करायचा, त्यावर खऱ्या कवचाचे सापडलेले तुकडे फरशी बसवावी तसे चिकटवायचे, फटींत दगडाची भुकटी आणि डिंक भरायचा की झालं अंडं. बाई आधी भिंगातून कवचावरची बारीक भोकं बघतात. अंडं श्वास घेतं ते या भोकांतून. खऱ्या अंड्यावर त्यांची ठेवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदलत जाते. चिकटवलेल्या तुकड्यांत ती मध्येच उडी मारते. मग तापवलेली सुई टेकवायची, डिंक असेल तर वास आल्याशिवाय राहत नाही. आणि शेवटी तराजू. आत ओलं प्लास्टर असेल तर ते सुकतं आणि वजन उतरतं. दगडाचं वजन उतरत नाही.

या शेवटच्या परीक्षेवर बाईंचं नाव झालं होतं आणि दादाचं गेलं होतं.

दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. वस्तुसंग्रहालयात फुटकी हाडं जोडायचं काम करायचा. बावीस वर्षांपूर्वी एका दगडखाणीत त्याला स्वतःला एक अंडं सापडलं, अख्खं, एक तडासुद्धा नसलेलं. ज्याचा हात जोडकामात इतका साफ, त्यालाच असं अंडं सापडावं, हे लोकांच्या डोळ्यांवर आलं. तपासणी त्याच संग्रहालयात नव्याने लागलेल्या बहिणीकडे आली. आपण नातंगोतं बघत नाही हे तिला सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं. आठ दिवसांत अंड्याचं वजन तीन दशांश ग्रॅमने उतरलं. चिमूटभर मिठाएवढं. तिने लिहून दिलं, आत ओलं प्लास्टर, वस्तू बनावट. दादाची नोकरी गेली. "ते सुकत नाहीये गं," एवढंच तो तिला म्हणाला, आणि त्यानंतर तिच्याशी कधी बोलला नाही. चार महिन्यांपूर्वी तो गेला, तेही बाईंना तिऱ्हाइताकडून कळलं.

वहिनी सकाळी अकराच्या सुमारास आली. तिने पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत दादाच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं तेच अंडं होतं.

"वन्सं, हे विकायचंय," ती म्हणाली. "एका संग्रहालयालाच हवंय. पण खाली सांगतात, तुमची सही लागेल."

"यावर माझी सही एकदा झालीय, वहिनी."

"म्हणून तर आले. दुसऱ्या कुणाची मला नकोच. त्यांच्या नावाची पाटी लागायला हवी याच्याखाली. कुणाला सापडलं ते लिहायला हवं."

"आणि खोटंच निघालं तर?"

"तर तसं लिहा. तुम्हाला कुठे जड जातं."

बाईंनी पोच लिहून दिली. खरं तर नात्यातली वस्तू तपासू नये असा नियम खाली फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. पण हे अंडं खोटं निघायला हवं होतं, आणि ते खोटं काढायला स्वतःपेक्षा भरवशाचं माणूस त्यांना दिसत नव्हतं. ते खोटं ठरलं की त्यांची बावीस वर्षं जिथल्या तिथे राहणार होती. खरं ठरलं, तर पाठच्या बहिणीने सख्ख्या भावाला जितेपणी गाडलं होतं.

पहिले दोन दिवस कवचात गेले. भोकांची ठेवण या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, कुठे उडी नाही. सुई टेकवून टेकवून गार झाली, वास आला नाही. डिंक चमकवणाऱ्या जांभळ्या दिव्याखाली एक ठिपकासुद्धा चमकला नाही. बाईंचं तोंड कडू पडलं. हे सगळं त्यांनी तेव्हाही पाहिलं होतं. वजनाचा आकडा हाती लागल्यावर बाजूला सारलं होतं, इतकंच.

मग तराजू. दोन किलो एकशे अकरा ग्रॅम. जुन्या अहवालात लिहिलेलं होतं दोन किलो चारशे बारा. तीनशे ग्रॅम उतरलं होतं. बाईंना इतकं हायसं वाटलं, की त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटून बसल्या.

हे सुख दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं. सकाळी पुन्हा वजन केलं, ते चार शतांश ग्रॅमने कमी भरलं. तिसऱ्या दिवशी तेवढंच. बाईंनी कागद ओढला आणि हिशेब मांडला. आठ दिवसांत तीन दशांश, या चालीने बावीस वर्षांत किती? तीनशे एक ग्रॅम. म्हणजे तेव्हा रोज जेवढं उतरत होतं, तेवढंच मधली सगळी वर्षं उतरत राहिलं आणि तेवढंच आजही उतरत होतं. ओलं प्लास्टर आधी भराभरा सुकतं, मग हळू, आणि वर्षभरात थांबतं. बावीस वर्षं एका चालीने सुकणारी वस्तू बाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तराजूचा दोष असेल म्हणून त्यांनी प्रमाण वजनं ठेवून पाहिली, ती बरोबर भरली. टेबलावर कागद दाबायला ठेवलेला गोटा रोज अंड्यासोबत तोलला. गोट्याचा आकडा जागचा हलला नाही.

तोलताना अंडं दर वेळी सारखंच ठेवावं म्हणून बाईंनी त्याच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने बारीक फुली मारली होती. चौथ्या सकाळी कपाट उघडलं तेव्हा फुली खिडकीच्या बाजूला कलंडलेली होती. कपाटाची किल्ली एकच, ती बाईंच्या पर्समध्ये. आपणच तिरकं ठेवलं असेल, असं म्हणून त्यांनी वाळूचा ट्रे आणला आणि अंडं अर्ध्यापर्यंत वाळूत रोवलं. दुसऱ्या दिवशी फुली दिसेना. त्यांनी अंडं उचललं, तर ती खाली होती. वाळूत खळगा तसाच्या तसा होता, ट्रेबाहेर एक कण सांडलेला नव्हता.

बाईंनी वहिनीला फोन लावला.

"दादा याला फिरवायचा का?"

"सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा," वहिनी म्हणाली. "दोन बोटांनी, हलकेच. दवाखान्यात होते तेव्हासुद्धा रोज विचारायचे, फिरवलंस का."

"मग तेव्हा तुम्ही फिरवत होता?"

"मी कशाला हात लावू? त्या दगडाने माझा संसार गिळला. त्यांच्या समाधानासाठी मी नुसतं हो म्हणायचे." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "पण फिरलेलं असायचं, वन्सं."

बाईंच्या ओळखीत एक कोंबड्यांचा डॉक्टर होता. काय विचारायचंय ते पुरतं ठरवायच्या आधीच त्यांनी त्याचा नंबर फिरवला. तो बोलका माणूस, खुशीत आला.

"अहो, उबवायला ठेवलेलं अंडं रोज थोडं हलकं होणारच. भोकांतून वाफ जाते ना. शेकडा बारा-तेरा उतरलं की पिल्लू बाहेर यायच्या बेतात आहे समजायचं. तुमचं किती उतरलंय?"

"साडेबारा."

"मग आता त्याला फिरवू नका, हात लावू नका. थोडक्यावर आलंय. कोंबडीचंच आहे ना?"

बाईंनी फोन ठेवला. टेबलावर ऊन आलं होतं. उन्हात अंडं दगड दिसावा तसंच दिसत होतं, करडं, खरबरीत, एका अंगाला मातकट. त्यांनी तळहात त्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

त्या दिवशी अहवाल लिहिता आला असता. 'खरं' ही दोन अक्षरं, खाली सही, आणि दादाच्या नावाची पाटी. बाईंनी कागद पुढे घेतला, पेनचं टोपण काढलं, आणि हात पुढे सरकेना. त्या दोन अक्षरांत दादाची गेलेली नोकरी होती, दारावरून जाताना त्याने फिरवलेली मान होती, न मिळालेला निरोप होता. मग त्यांनी स्वतःला बजावलं की पुरती खात्री केल्याशिवाय सही करणं हा कामचुकारपणा आहे. हे साफ खोटं होतं. खात्री त्यांना कधीच झालेली होती. त्यांना आत प्लास्टर हवं होतं, नखाएवढं का होईना.

त्यांनी ड्रिल काढलं.

मालकाला विचारल्याशिवाय वस्तूला भोक पाडायचं नसतं. बाईंनी विचारलं नाही. अंडं त्यांनी मऊ कापडावर ठेवलं, बोथट टोकाकडची जागा निवडली आणि केसासारखं बारीक पातं टेकवलं.

कवच गेलं. मग दगड लागला, कोरडा. करडी भुकटी कापडावर पडत राहिली. एक मिलिमीटर, चार, नऊ. प्लास्टर नव्हतं.

बारावर पातं एकदम सैल झालं आणि आत गेलं.

बाईंनी ड्रिल बंद केलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. कापडावर ठेवलेलं अंडं थोडं हललं, झोपेत कूस बदलावी इतपत, आणि थांबलं.

त्यांनी पातं बाहेर ओढलं. टोकाची भुकटी ओली होती.

दुसऱ्या सकाळी फुली वरच होती.

तिसऱ्या सकाळीही.

वजन उतरलं नाही. बाईंनी आठ दिवस वाट पाहिली, सकाळ-संध्याकाळ तोलून पाहिलं, तराजूच्या काचेला नाक लावून आकड्याकडे बघत बसल्या. एक शतांशसुद्धा नाही. गोटा जसा भरायचा तसंच आता अंडंही भरत होतं. नवव्या दिवशी त्यांनी अहवाल लिहिला. वस्तू खरी आहे. बावीस वर्षांपूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता, तो निष्कर्ष माझा होता. शोधणाऱ्याच्या जागी त्यांनी दादाचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. भोकाचीही नोंद केली, परीक्षणासाठी पाडलेलं, एक.

वहिनीने उभ्या उभ्या सगळं वाचलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं बाईंना वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

"बावीस वर्षं लागली तुम्हाला हो म्हणायला," ती म्हणाली. "ते असताना म्हणाला असतात तर." मग तिचं बोट अंड्यावरून फिरता फिरता भोकाशी थांबलं. "हे काय?"

"तपासावं लागलं."

"खरं आहे हे कळायला?"

"हो."

वहिनीने अंडं स्वेटरमध्ये गुंडाळलं, डब्यात ठेवलं, आणि जिन्याकडे जाता जाता वळून म्हणाली, "पूर्वी हे इतकं गार नसायचं."  बाईंना माफी मागायची होती, पण त्यांनी नुसता तराजू पुसायला घेतला.

दोन दिवसांनी दुपारी वहिनीचा फोन आला. संग्रहालयाची माणसं सोमवारी न्यायला येणार होती. पाटीचा मजकूर त्यांनी वाचून दाखवला होता, नाव बरोबर होतं. वहिनीचा आवाज कधी नव्हे तो मवाळ होता. बाईंना वाटलं, आता बोलावं. त्या शब्द जुळवत होत्या.

"वन्सं, एक विचारायचं राहिलं," वहिनी म्हणाली. "सकाळपासून डब्याला मुंग्या लागल्यात. दोनदा पुसून काढल्या तरी येतायत. त्या भोकातून आत जातात आणि बाहेर येताना प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी पांढरं असतं. सोमवारपर्यंत हे उन्हात ठेवू का?"