दगडफुलाखालचं नाव

उमेदवारी अर्ज भरण्याआधी हाउएल पणजोबांच्या थडग्याची शिळा स्वतःच्या हातांनी धुवायची, ही आमच्या प्रॉबर्ट घराण्याची रीत. पणजोबा वेल्सहून व्हरमाँटच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला आले आणि राज्याचे सिनेटर होऊन गेले. मग आजोबा, मग बाबा. तिघांची नावं त्याच शिळेवर आहेत, वेल्शमध्ये. खाली पद, त्याखाली मृत्यूसमयीचं वय.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर माझी धाकटी बहीण एलिन बादली घेऊन निघाली. मी सोबत गेले.

बाबांच्या नावाखाली दगडफुलाचा करडा थर होता. दगडफुलं हाच माझा अभ्यासाचा विषय, म्हणून सवयीने मापला. व्यास बहात्तर मिलिमीटर. ही जात वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. म्हणजे वय दीडशेच्या आसपास.

एलिनने जोरात ब्रश फिरवला. थराची कड निघाली.

"मैर, हे बघ."

खाली अक्षरं होती. एलिन प्रॉबर्ट. सिनेटर.

ती खळखळून हसली. "घ्या! निकालसुद्धा लागला. प्रचाराची पायपीट वाचली."

"एलिन, हे दगडफूल बाबांच्या जन्माआधीचं आहे. त्याखाली तुझं नाव कोण कोरणार?"

"शास्त्रज्ञ बाई तुम्ही. मी नुसती धुणारी."

नावाखाली वयाचा पहिला आकडा दिसत होता. चार. दुसऱ्या आकड्याची जागा अजून झाकलेली होती. एलिन चव्वेचाळीस वर्षांची आहे.

मी पिशवीतून पातं काढलं. तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"मग अर्ज भरू नकोस."

"का? घरी बसलेल्यांना मरण चुकलंय का? चव्वेचाळीस असेल तर हातात थोडे महिने आहेत, आत्ताच भरायला हवा. एकोणपन्नास असेल तर दोन-दोन वर्षांच्या दोन मुदती तरी मिळतात. दोन्हीकडून भरायचाच आहे, अगं."

तिने बादली उलटी केली आणि फाटकाकडे चालू लागली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता तिने अर्ज भरला. त्या वेळी मी दफनभूमीत होते. तिला नको असला तरी मला तो आकडा हवा होता.

पातं अलगद सरकवलं. दगडफूल अखंड निघालं.

खाली, चारच्या शेजारी, काहीच कोरलेलं नव्हतं. दगड गुळगुळीत होता.

फक्त दोन आडव्या रेघा. आकड्याची उंची ठरवायला कारागीर आधी ओढतात तशा.

रेघांत दगडाची ताजी करडी भुकटी होती.

मी फुंकर घातली. ती उडाली.